शनवारी घाणा बंद

आमच्या गावात शनवार कानाला कळायचा. बाकीचे सहा दिवस पहाटेपासून शेजारच्या पडवीतून घाण्याची करकर यायची, लाकडावर लाकूड घासल्याचा तो लांबट, कण्हल्यासारखा आवाज. शनवारी तो नसायचा. बैल डोळ्यांवरच्या झापडाशिवाय आंब्याखाली रवंथ करत बसलेला, घाण्यावर गोणपाट टाकलेलं आणि काका धुतलेला पांढरा सदरा घालून ओटीवर स्वस्थ. आई आदल्या दिवशीच बजावून ठेवायची, "उद्या शनवार. तेल मागायला जाऊ नको. मावशीला नाय म्हणायला लागंल, आणि शेजाऱ्याला नाय म्हणायची पाळी आणू नये."

गाव अलिबाग तालुक्यातलं, खाडीच्या अलीकडचं. काका-मावशी इस्राएल. गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं. आमच्या भागात हे नाव फार जुनं. अलिबागेत इस्राएल आळी आहे, तिथं १८४८ सालचं त्यांचं देऊळ आहे, त्याला जुनी माणसं मशीद म्हणत. आडनावं म्हणाल तर आमच्यासारखीच गावावरून पडलेली. किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर. मावशी नऊवारी नेसायची, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा. सण पण मराठी नावाचे: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. दारफाळणीला दिवसभर दार बंद, आत उपास आणि प्रार्थना. त्या दिवशी आम्ही पोरं त्यांच्या अंगणात गोट्यासुद्धा खेळत नव्हतो. दुसऱ्या दिवशी शिळा सण. मग दार उघडायचं आणि आम्हाला खाऊ मिळायचा.

त्यांची गोष्ट आम्हाला पाठ होती, कारण काका ती रंगवून सांगायचे. फार फार वर्षांपूर्वी एक गलबत नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांना वाचलेल्यांनी तिथंच वाळूत पुरलं. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा हळूहळू गेली. राहिलं काय, तर शनवार, सुंता, खवल्याचीच मासळी खायचा नेम आणि एक प्रार्थना. पुढं कितीतरी शतकांनी दावीद राहाबी नावाचा त्यांच्याच धर्माचा एक माणूस आला. त्यानं म्हणे बायकांसमोर मासळीची पाटी ठेवली. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे वेचून घेतले, बाकीचे बाजूला सारले. त्यावरून त्यानं ओळखलं, ही माणसं आपली.

मला लहानपणी या गोष्टीतला मासळीचा भाग फार आवडायचा. आता वाटतं, त्या गोष्टीत एक खोच आहे. राहाबीनं त्या बायकांना विचारलं नाही, की तुमची आजी कोण, आजीची आई कोण. त्यानं त्या काय करतात ते बघितलं.

काका घरजावई. घाणा मावशीच्या बापाचा. घरात मावशीची आई होती, तिला सगळं गाव आजी म्हणायचं. शुक्रवारी दिवेलागणीला ती डोक्यावरून पदर घेऊन तेलाचा दिवा लावायची आणि दोन्ही हात डोळ्यांवर धरून पुटपुटायची. गावात इस्राएलांचं आणखी एक घर होतं, वरच्या आळीला. पण दोन घरांत येणंजाणं नव्हतं. सोयरीक तर नाहीच, एका पंक्तीला जेवणंही नाही. कारण वरच्या आळीचे स्वतःला गोरे इस्राएल म्हणवायचे आणि आमच्या शेजाऱ्यांना काळे. हा रंगाचा हिशेब नव्हता. आजी वरच्या आळीच्या म्हाताऱ्यापेक्षा उजळ होती. काळे म्हणजे ज्यांच्या आईकडून कुणीतरी इथली, परधर्माची बाई आली आहे असं बोललं जातं ते. आजीची आई इस्राएल नव्हती, असं वरच्या आळीला म्हणत. कोण म्हणालं, कुणी बघितलं, हे कोणी विचारत नसे.

१९५० नंतर एकेक घर उठायला लागलं. स्वातंत्र्याच्या सुमारास या समाजाची वीसेक हजार माणसं हिंदुस्थानात होती, बहुतेक मुंबईत आणि आमच्या कुलाबा जिल्ह्यात. आता पाच हजारही नाहीत. त्यांना कुणी हाकललं नाही, छळलं नाही. ती आपणहून गेली, धर्मग्रंथात वाचलेल्या देशाला. आमचे शेजारी गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. बैल आमच्या अण्णांनी घेतला. घाणा कोणीच घेतला नाही, तोवर गिरणीचं तेल आलं होतं. आजी जायच्या आधीच वारली होती, तिला इथंच पुरलं. निघताना मावशी आईच्या गळ्यात पडून रडली. काका नुसते म्हणाले, "घरी चाललो." इतकी वर्षं आमच्या शेजारी राहत होते, तरी घर दुसरीकडंच होतं, हे मला त्या वयात लागलं होतं.

तीनेक वर्षांनी, १९६२ च्या अखेरीला, मावशीचं पत्र आलं. मराठीतच. ताईचं, म्हणजे तिच्या लेकीचं, लग्न ठरलं होतं. मुलगा दुसऱ्या देशातून आलेल्या घरचा. पण तिथल्या मुख्य धर्मपीठानं त्या वर्षी हुकूम काढला होता, की बेने इस्राएलांपैकी कुणाचं बाहेर लग्न ठरलं, तर नोंदणी करणाऱ्यानं आई, आजी, पणजी, जमेल तितकं मागं जाऊन चौकशी करायची. घराण्यात परधर्माची बाई आली होती का, घटस्फोट झाले होते ते धर्मशास्त्राप्रमाणं झाले होते का. धर्मपीठाच्या बाजूनं सांगायचं तर त्यांचा प्रश्न शास्त्राचा होता. शतकानुशतकं राब्बी नसलेल्या माणसांत हे विधी नीट झाले असतील कसे, ही शंका. पण ज्याची चौकशी होते त्याला शास्त्र दिसत नाही. त्याला आपल्या कातडीकडं बघणारी नजर दिसते. तिथं सुरुवातीच्या वर्षांतच, आपल्याला रंगावरून खालचं लेखतात, अशी तक्रार घेऊन इकडच्या काही लोकांनी धरणं धरलं होतं आणि काही जण हिंदुस्थानात परत आले होते. त्यात हा हुकूम.

मावशीनं लिहिलं होतं, गावातल्या जाणत्या माणसाचं एक पत्र पाठवा. आमच्या आईबद्दल.

अण्णांनी मला बोलावलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. ओटीवर बसून ते सांगत होते, मी लिहीत होतो. या घराण्यात आमच्या जाणतेपणापासून शनवार पाळला जातो. त्या दिवशी चूल पेटत नाही, घाणा फिरत नाही. मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता होते. कोलंबी, खेकडा घरात येत नाही. शुक्रवारी सांजेला घरची बाई दिवा लावते. दारफाळणीला दार बंद असते. अमक्या बाईंना मी लहानपणापासून ओळखतो, त्यांनी यात कधी कसूर केल्याचे मी पाहिले नाही. सही, गाव, तालुका.

मी विचारलं, "अण्णा, ते काळ्या-गोऱ्याचं? आजीच्या आईचं? त्यांनी तेच तर विचारलंय."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "तू पाह्यलंस का तिच्या आईला?"

"नाय."

"मी पण नाय. मग? कागदावर पाह्यलेलं येतं. ऐकलेलं चुलीपाशी ऱ्हातं."

त्या पत्राचं पुढं काय झालं, उपयोग झाला का, मला ठाऊक नाही. ताईचं लग्न दोन वर्षांनी लागलं. मधल्या काळात तिथं मोठं आंदोलन झालं, जेरुसलेममध्ये माणसं रस्त्यावर बसली आणि ऑगस्ट १९६४ मध्ये त्या देशाच्या संसदेनं ठराव केला, की बेने इस्राएल हे सर्वार्थानं यहुदीच आहेत, त्यांच्यात आणि इतरांत फरक नाही. धर्मपीठालाही हुकमातून त्यांचं नाव काढावं लागलं.

मी पुढं मास्तर झालो. अण्णांचं ते वाक्य मी तीस-पस्तीस वर्षं वर्गात सांगितलं. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा, पोरांनो. मुलांना आवडायचं. सांगताना माझीही छाती जरा फुगायची. कोकणातला एक चौथी शिकलेला शेतकरी दुसऱ्या धर्माच्या बाईसाठी साक्ष देतो, तीही सातासमुद्रापलीकडच्या धर्मपंडितांपुढं! आपल्याकडं यहुद्यांचा कधी छळ झाला नाही, असं सगळेच अभिमानानं सांगतात. माझ्याकडं तर घरचा पुरावा होता.

हा अभिमान मोडला तो हळूहळू, आणि माझ्या हुशारीनं नव्हे. एकदा सातवीच्या वर्गात हीच गोष्ट सांगत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा, बौद्धवाडीतला, उठून म्हणाला, "गुरुजी, तुमच्या अण्णांनी आमच्या आजोबांना घरात घेतलं असतं का?" वर्ग हसला. मी पण हसलो आणि पुढचा धडा काढला. पण घरी आल्यावर मला पडवीतला कोनाडा आठवला.

त्या कोनाड्यात एक कप असायचा. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. भात झोडायला, कुंपण घालायला त्या मुलाचे आजोबा आमच्याकडं येत. कामानंतर ते पडवीच्या कडेला बसत, स्वतः कोनाड्यातून कप काढत, आई वरून चहा ओतायची. पिऊन झालं की ते कप विसळून, पालथा घालून परत ठेवत. १९५६ नंतर ते बौद्ध झाले, पण कप कोनाड्यातच राहिला. आणि हे आजोबा कोण? पोरवयात आपल्या बापाचं बोट धरून महाडला गेलेले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांमागोमाग ज्या हजारोंनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्यांतले एक. महाड आमच्याच कुलाबा जिल्ह्यातलं. ते तळं सर्वांचं आहे हे हायकोर्टात कायम व्हायला १९३७ उजाडलं. आणि आमची पडवी १९६२ सालीही तशीच होती.

ज्या ओटीवर बसून अण्णांनी ते पत्र सांगितलं, तिथून तो कोनाडा चार हातांवर होता. मी लिहीत होतो तेव्हा कप तिथंच असणार. कागदावर पाहिलेलं येतं, हे जर खरं, तर शिवल्यानं विटाळ होतो हे अण्णांनी कुठं पाहिलं होतं? त्यांच्या बापानं पाहिलं होतं? ते तर सगळं ऐकलेलंच. आजीच्या आईबद्दलचं ऐकलेलं त्यांनी चुलीपाशी ठेवलं, आणि या माणसाबद्दलचं ऐकलेलं मात्र कोनाड्यात मांडून ठेवलं होतं, रोज दिसेल असं.

अण्णा ढोंगी नव्हते. ढोंगी असते तर मला सोपं गेलं असतं. त्या पत्रातला प्रत्येक शब्द खरा होता आणि त्या मायेतही खोट नव्हती. मग दोन्ही एका माणसात राहतं कसं, याचा विचार मी बरीच वर्षं केला. मला असं वाटतं, की शनवारतेल्यांना आम्ही सामावून घेतलं असं जे म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. आम्ही त्यांना एक पायरी दिली. तेली म्हणून. पायरी ठरली की आमच्याकडं माणसाला त्रास नसतो. तो त्याचा देव पुजेल, त्याचा शनवार पाळेल, कुणाची हरकत नाही. हरकत येते ती कुणी पायरी सोडली तर. महाडला तेच झालं.

आणि पायरीचा गुण असा, की जो तिच्यावर उभा राहतो तो तिच्याखाली आणखी एक शोधतो. शेजारच्या काकांच्या पडवीतही महारवाड्यातल्या माणसांसाठी वेगळा पेला होता, मी तो पाहिलेला आहे. काळे म्हणवले जाण्याचं दुःख त्या घराला माहीत होतं, तरी पेला होता. वरच्या आळीचे गोरे यांना पंक्तीला घेत नव्हते. मुंबईत बगदादहून आलेल्या यहुदी व्यापाऱ्यांनी १८३६ साली सरकारकडं अर्ज केला होता, की दफनभूमीत आमच्या आणि या कोकणातल्यांच्या मध्ये भिंत घाला. म्हणजे गोरे इस्राएल तिथं काळे ठरले. मग समुद्रापलीकडं गेले तेव्हा सगळेच एका रांगेत, आजीचे कागद दाखवत.

२०१६ साली संशोधकांनी या समाजाच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम आशियातला वारसाही त्यात आहे आणि इथलाही. दोन्हींची सरमिसळ साधारण एकोणीस ते तेहेतीस पिढ्यांमागची, आणि पश्चिम आशियाकडचा वारसा जास्त करून बापांकडून आलेला. म्हणजे काकांची गलबताची गोष्ट अगदीच वाऱ्यावरची नव्हती. आणि वरच्या आळीची गोष्ट मात्र पार निकालात निघाली, कारण मागं गेलं तर सगळ्यांच्याच आज्यांमध्ये कोकणातली कुणीतरी बाई निघणार. हे वाचून मला आधी आनंद झाला. मग वाटलं, समजा उलटं निघालं असतं तर? अण्णांचं पत्र खोटं ठरलं असतं का? आजीनं लावलेला दिवा विझला असता का? रक्त तपासून जे कळतं ते कळू दे. पण माणूस कुणाचा हे त्यावरून ठरवायला बसलो, की आपण धर्मपीठाच्या त्याच टेबलाशी जाऊन बसतो.

करोनाच्या आधीच्या वर्षी ताईची नात गावात आली. दिमोना नावाच्या, वाळवंटाच्या गावातून. तिथं आपल्याकडचे इस्राएल पुष्कळ आहेत. मुलगी बावीस-तेवीसची, पाठीवर मोठी सॅक. तिची मराठी म्हणजे "बस", "जेव", "अगंबाई", "काय गं" एवढीच, पण उच्चार थेट मावशीचे. बाकी तिचं आणि माझं मोडकं इंग्रजी. तिला घर बघायचं होतं. घराचा चौथरा तेवढा आहे, त्यावर गवत. घाण्याचं दगडी उखळ मात्र अजून मातीत अर्धं रुतलेलं आहे. ती त्याच्या काठावर बसली आणि बराच वेळ हात फिरवत राहिली. आजीची कबर दाखवायला मला झुडपं तोडावी लागली. इतक्या वर्षांत मी तिथं एकदाही गेलो नव्हतो, हे मी तिला सांगितलं नाही. तोडायला लागलेल्या वेळावरून तिला कळलंच असेल.

दुसऱ्या दिवशी तिला नवगावला नेलं, मग खंडाळ्याला. खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा. नवस फेडायला अजून मुंबईहून, इस्राएलहून माणसं येतात. माझ्या बायकोनं मावशीच्या पद्धतीनं मलिदा करून दिला होता: पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. खडकापाशी मुलीनं डोळे मिटून काहीतरी म्हटलं, एकही शब्द मला कळला नाही. पण शेवटी तिनं दोन्ही हात डोळ्यांवर धरले, तसेच.

मलिदा खाता खाता तिनं विचारलं, "माझी आजी सांगायची, गावात आमच्याबद्दल काहीतरी बोलत असत. काय बोलत?"

अण्णा असते तर गप्प राहिले असते. मी सांगितलं. काळे-गोरे, वरची आळी, पत्र, सगळं. तिला पत्राचं माहीत नव्हतं. ती ऐकत राहिली. मग मी न विचारता कपाचंही सांगितलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. बहुतेक, एवढ्या लांबून आलेल्या मुलीपुढं अर्धीच गोष्ट सांगून मोठेपणा घ्यायची लाज वाटली.

ती म्हणाली, "आमच्या गावात पण असंच आहे. आमच्यानंतर इथिओपियातून लोक आले. मग आम्ही जरा वर सरकलो. आणि आम्हा सगळ्यांच्या खाली अरब आहेतच." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तो कप आता कुठं आहे?"

मला उत्तर देता येईना. कप कधी गेला ते घरात कुणालाच सांगता आलं नसतं. फुटला असेल, नाहीतर ओटीला फरशी घातली तेव्हा कोनाडाच बुजवला, तेव्हा गेला असेल. आजोबांना घरातल्या कपात चहा द्यायला लागलो तो दिवसही कुणाला आठवत नाही. "आता तसलं काही नाही," असं आम्ही म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण कप काढताना कुणी कुणाला काही बोललं नाही. आजोबांना कुणी म्हटलं नाही, की बाबा, हे आमचं चुकलं. १९६४ साली त्या संसदेनं निदान ठराव केला, शब्द कागदावर आणले. आमच्या पडवीनं नुसती फरशी घातली.

मुलगी गेली. विमानतळावरून तिनं आजीच्या कबरीचा फोटो पाठवला, खाली मराठीत लिहिलं होतं, "येते हं." अलीकडं मी वर्षातून दोनदा तिथलं गवत काढतो. ते सोपं आहे. आजी काही विचारत नाही.

वर्गात उठून प्रश्न विचारणारा तो मुलगा आता चाळिशीचा आहे. बौद्धवाडीतच राहतो, ग्रामपंचायतीत सदस्य आहे, रस्त्यात भेटला की "गुरुजी, बरे आहात ना?" म्हणून थांबतो. त्याचे आजोबा केव्हाच वारले. मी त्याच्याकडं जाऊन त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं ठरवलं आहे. नसतं घेतलं, असं सांगायचं. मी पाहिलेलं आहे, असं सांगायचं. घर दहा मिनिटांवर आहे. अजून गेलो नाही.